दोघं, एक बोट, सात दिवस : आयोनियन बेटांमधलं शिडाचं भटकणं (आणि भांडणं)

मतलई

गेल्या वर्षी इथे कुणीतरी विचारलं होतं, ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवता येते का. मी तेव्हा "करून आले की लिहीन" असं ठोकून दिलं होतं. आता करून आलेय, म्हणून हा धागा. फोटो नंतर टाकते. निम्म्या फोटोंत नवऱ्याची पाठ आहे आणि उरलेल्यांत माझं बोट.

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी सोलंटच्या पाण्यात डे स्किपरचा, म्हणजे दिवसा स्वतः बोट चालवण्याचा, कोर्स केला. मी त्याच्या खालची पायरी केली, कॉम्पिटंट क्रू. म्हणजे दोऱ्या ओढायच्या, गाठी मारायच्या, सांगितलं ते ऐकायचं. शेवटचा भाग मला जमत नाही हे घरी सगळ्यांना माहीत होतंच, समुद्राला नव्याने कळलं.

एजियन समुद्र सोडून आयोनियन का, हे आधी सांगते. आमच्यासारख्या नवख्या जोडप्याला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सांतोरिनी, मिकोनोस वगैरे फोटोतली बेटं एजियनमध्ये, आणि तिथे जुलै-ऑगस्टात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो ६-७ बोफर्टपर्यंत (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) जातो आणि चार-चार दिवस थांबत नाही. ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियनमध्ये, सकाळ बहुतेक निवांत असते. दुपारी एकच्या सुमाराला वायव्येकडून माइस्त्रो सुरू होतो, ४ किंवा ५ बोफर्ट, आणि सूर्य बुडाला की गपगार. ऑफिसात आल्यासारखा येतो आणि सही करून जातो. शिवाय बेटं जवळजवळ. एक मागे पडायच्या आत दुसरं समोर दिसतं.

बोट ३३ फुटी, लेफकाडाच्या मरीनातून (खासगी बोटींच्या बंदरातून) घेतली, सप्टेंबरचा तिसरा आठवडा. लेफकाडा म्हणायला बेट, पण मुख्य भूमीला बांधरस्त्याने आणि एका तरंगत्या पुलाने जोडलेलं. पूल ठरलेल्या वेळी बाजूला फिरतो आणि शिडाच्या बोटी कालव्यातून पार होतात. आम्हाला दक्षिणेला जायचं होतं, त्यामुळे पूल लागला नाही, पण आदल्या संध्याकाळी काठावर बसून आइस्क्रीम खात तो सोहळा दोनदा बघितला. बोटी इकडून तिकडे, मोटारी ताटकळलेल्या, एक आजोबा स्कूटरवरच डुलक्या काढत होते.

मार्ग असा : लेफकाडा, मेगानिसीची आबेलिके खाडी, कास्तोस, इथाकावरचं किओनी, केफलोनियाच्या टोकाचं फिस्कार्डो, परत लेफकाडाच्या दक्षिणेला सिवोता, मग व्लिहो आणि घर. सगळे मिळून ७० सागरी मैलांच्या आसपास. मोटारीने हे दोन तासांचं अंतर आहे. आम्हाला सात दिवस लागले आणि तेही पुरले नाहीत.

पहिला दिवस कालवा. दोन्हीकडे लाल-हिरव्या खुणा, पलीकडे उथळ चिखल आणि त्यात उभे बगळे. बगळा उभा दिसला की तिकडे बोट न्यायची नाही, हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही पण शंभर टक्के खरा. पुढे स्कॉर्पिओस बेट लागतं, एके काळी ग्रीक जहाजसम्राट ओनासिसचं. २० ऑक्टोबर १९६८ ला त्याचं आणि जॅकी केनेडीचं लग्न तिथे लागलं. आम्ही लांबूनच हात केला.

आबेलिकेला धक्का नाही. खाडीत नांगर टाकायचा, बोट मागे मागे किनाऱ्याकडे न्यायची आणि मागून एक लांब दोरी नेऊन काठावरच्या खडकाला किंवा झाडाला बांधायची. दोरी न्यायची म्हणजे पोहत न्यायची. हे काम माझं. दातात दोरी धरून पोहणारी बाई बघून शेजारच्या बोटीवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ऑलिव्हच्या झाडाला बोलाइनची गाठ मारताना मला, खोटं कशाला सांगू, राणी झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कास्तोस, विशेष काही नाही, पाणी सुंदर.

तिसऱ्या दिवशी कास्तोस ते किओनी. वारा उजव्या कुशीवर, १५ नॉट (ताशी सागरी मैल), बोट सहाच्या वेगाने पळतेय, इंजिन बंद, नवरा सुकाणूवर, मी पाय सोडून बसलेली. तीन तास आम्ही एकमेकांशी एकही वाकडा शब्द बोललो नाही. लग्नाला अकरा वर्षं झालीत, त्यामुळे याची नोंद घ्यावी.

आणि मग किओनी आलं.

ज्यांना भूमध्य समुद्राची सवय नाही त्यांच्यासाठी : इथे बोटी धक्क्याला आडव्या लागत नाहीत, जागा पुरत नाही. उलट्या लागतात. धक्क्यापासून तीन-चार बोटी अंतरावर नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत बोट मागे न्यायची, दोन बोटींच्या मधल्या फटीत घुसवायची, मागच्या दोन दोऱ्या धक्क्यावर फेकायच्या आणि मग साखळी ताणायची. हे सगळं आडवा वारा बोटीचं नाक ढकलत असताना. आणि हे सगळं शंभर माणसं समोर बसून ऊझो (तिथली दारू) पीत बघत असताना. धक्क्याला लागून खानावळी. इतरांची फजिती ही तिथली संध्याकाळची करमणूक.

किओनीचं बंदर छोटं, तोंडाशी तीन पडक्या पवनचक्क्या. डोंगरावरून झोत खाली येतात. मी पुढे नांगरावर, नवरा मागे सुकाणूवर, मध्ये ३३ फूट आणि इंजिनाचा आवाज. तो काय ओरडतोय मला कळेना, मी काय ओरडतेय त्याला कळेना. मला ऐकू आलं "सोड!", तो म्हणाला होता "सोडू नको!" मी ३० मीटर साखळी सोडून मोकळी. बोट तिरकी. पुढचं वाक्य नवरा जे बोलला ते मराठीत होतं आणि मला वाटलं इथे कुणाला कळणार नाही. धक्क्यावरून आवाज आला, "अहो, आधी पुढे घ्या आणि परत या!"

कोल्हापूरचं कुटुंब होतं. फेरीबोटीने आले होते.

(बाकीचं रात्री लिहिते. पोळ्या राहिल्यात.)

सुरंगी

आई गं! कोल्हापूरकर!! लवकर लिही पुढचं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अर्धवट_प्रवासी

जळवल्याबद्दल निषेध. इनो घेतलाय. एक शंका, याला लायसन्स लागतं का, आणि नेमकं कुठलं? माझ्याकडे फक्त दुचाकी-चारचाकी आहे.

हिशेबनीस

लिहिलंय छान, पण मुद्द्याचं कुठे आहे? किती पडले?

मतलई

@अर्धवट_प्रवासी, ग्रीसमध्ये नुसती बोट घ्यायची (त्याला बेअरबोट म्हणतात, म्हणजे बोट तुमची, चालवणारेही तुम्हीच) तर स्किपरकडे (बोटीच्या कप्तानाकडे) मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं आणि बोटीवर दुसरी एक अनुभवी व्यक्ती हवी. दुसऱ्या व्यक्तीचा अनुभव बहुधा लिहून दिला की चालतो. आमचं डे स्किपर आणि आयसीसी (बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) चाललं. बुकिंगच्या आधीच कागद पाठवून "हे चालेल का" असं लेखी विचारा, तोंडी नको. नसेलच काही तर बोटीबरोबर स्किपर मिळतो, त्याचे दिवसाला १८० ते २०० युरो सांगत होते, जेवण आपल्याकडे. तिसरा मार्ग फ्लोटिला, म्हणजे दहा-बारा बोटींचा तांडा आणि पुढे एक अनुभवी माणसांची बोट. बंदरात शिरताना तेच धक्क्यावर उभे राहून दोऱ्या घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने हेच करावं असं माझं आताचं मत. तेव्हा "आपण काय कळपातले?" असं आम्ही म्हणालो होतो.

@हिशेबनीस, बोट आठवड्याला १७५०, शेवटची सफाई १२०, डिझेल ६२, दोन ठिकाणी पाणी आणि वीज मिळून २०, जेवणखाण साधारण ४००. विमान सोडून २४०० युरोंच्या आत. धक्क्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी शून्य, कारण धक्का खानावळीचा असतो आणि रात्री तिथे जेवायचं एवढीच अपेक्षा. कार्डावर २००० युरो अनामत अडकते, ती परत मिळते. आम्हाला पूर्ण मिळाली. कशी ते विचारू नका.

पुणेरी_शंका

दोघांना २४०० म्हणजे सव्वादोन-अडीच लाख. एवढ्यात कोकणात महिनाभर राहून रोज सुरमई खाता येईल. नुसतं म्हणून ठेवतो.

गोंयकार_भाटी

@पुणेरी_शंका, सुरमईचा भाव अलीकडे विचारलेला दिसत नाही तुम्ही.

तांडेल_वेसावे

ताई, वाचून मजा आली. आमचं घराणं मासेमारीचं, आता मी नोकरीत. पन बोटीला धक्क्यावर रातभर असं बांधून ठेवायचं नि भरती-ओहोटीचं काय? आमच्याकडं उधानाला पाणी कुठल्या कुठं जातं. दोरी ढिली-ताठ करायला माणूस जागा ठेवावा लागतो, नायतर ओहोटीला बोट लटकलीच समजा.

मतलई

@तांडेल_वेसावे, अगदी हाच प्रश्न मला पडला होता, कारण सोलंटमध्येही पाणी चार मीटर वरखाली होतं. तिथे भरती जवळजवळ नाहीच. आयोनियनमध्ये वीतभर. संध्याकाळी दोरी जशी बांधली तशी सकाळी. धक्केही पाण्यापासून हातभरच उंच, कारण पाणी कुठे जातच नाही.

हवामानवेडा

भर घालतो. भरती-ओहोटी मोठी यायला पाणी आत-बाहेर करायला मोठं दार लागतं. भूमध्य समुद्राचं अटलांटिककडचं दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किमी. सहा तासांत एवढ्या दारातून केवढं पाणी येणार? आणि आतला समुद्र स्वतःची मोठी भरती तयार करण्याइतका ऐसपैस नाही. मुंबईत उधाणाला पाच मीटरपर्यंत फरक पडतो, कारण अरबी समुद्र पुढून सताड उघडा आणि किनाऱ्याजवळ तळ लांबवर उथळ. भूमध्यातही अपवाद आहेत. ट्युनिशियाचं गाबेसचं आखात आणि एड्रियाटिकचं व्हेनिसकडचं टोक, तिथे मीटरभर किंवा जास्तही फरक पडतो.

आणि तुम्ही मेल्तेमीचा उल्लेख केलात म्हणून एक अवांतर. तो वारा आपल्या मान्सूनचा लांबचा भाऊ आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो त्याची शेपटी इराण-इराकवरून तुर्कस्तानपर्यंत पोचते. बाल्कनकडे दाब जास्त, तुर्कस्तानकडे कमी, मधल्या एजियनमधून वारा उत्तरेकडून दामटत खाली येतो. म्हणजे अलिबागला छत्री उलटी होते त्या दिवसांत एजियनमधल्या नाक्सोस बेटाला शिडं फाटतात, आणि मूळ एकाच घराण्यातलं.

सुरंगी

@हवामानवेडा, हे भन्नाट आहे. माहीत नव्हतं.

चौलकर

नात्यागोत्याचं निघालंच आहे तर. त्या ग्रीक खलाशांना हाच मान्सून पकडून आपल्याकडे यायचं तंत्र दोन हजार वर्षांपूर्वी साधलं होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत कल्याण, सोपारा आणि आमचं चौल येतं, चौलचं नाव 'सेमुल्ला' असं काहीसं. कार्ल्याच्या लेण्यांत खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. तेव्हा तुम्ही तिकडे जाऊन नांगर टाकलात ती परतफेड समजा.

पुणेरी_शंका

परतफेड नीट झाली का ते किओनीच्या धक्क्यावरचे लोक सांगतील.

मतलई

:) चला, पुढचं.

कोल्हापूरच्या काकांचं ऐकलं. साखळी वर घेतली, बाहेर गेलो, वळलो, परत आलो. दुसऱ्यांदा लागलो. काकांनी दोरी झेलली, कठड्यातून ओवून परत दिली, सगळं शिस्तीत. रात्री त्यांच्याबरोबर जेवलो. वीस दिवसांच्या सहलीत त्यांच्याकडे अजून भडंग शिल्लक होतं. आम्ही बोटीवर खरं तर लेफकाडाची मसूर शिजवत होतो. एंग्लूवी नावाच्या डोंगरातल्या गावाची मसूर तिथे नावाजलेली आहे, बारीक दाण्याची आणि भावाने मसूर वाटू नये एवढी महाग. गोडा मसाला मी नेलाच होता. काकूंनी वास घेऊन विचारलं, "आमटी आहे का?" त्या पातेल्याला धक्क्यावर जी मागणी आली ती नवऱ्याच्या नांगरालाही नव्हती.

सकाळी निघताना नांगर वर येईना. विंडलास (साखळी ओढणारं विजेचं चक्र) घरघरलं आणि बंद पडलं. त्याचा सर्किट ब्रेकर पडला होता, तो खालच्या केबिनमध्ये गादीखाली. हे बोट ताब्यात देताना सांगितलं होतं, आणि तेव्हा मी पडद्यांचा रंग बघत होते. तो वर केला, पुन्हा ओढलं. पाण्यातून आमचा नांगर वर आला आणि त्यावर दुसऱ्याची साखळी फासासारखी अडकलेली. आम्ही त्या दुसऱ्या बोटीच्या साखळीवरून नांगर टाकला होता. पहिल्या फेरीतल्या त्या तिरक्या प्रकाराला घाबरून दुसऱ्या फेरीत जरा जास्तच डावीकडे.

शेजारच्या बोटीवर साठी ओलांडलेलं एक जर्मन जोडपं होतं. बाई सुकाणूवर, बुवा पुढे. ते दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते. मला आधी वाटलं भांडलेत. मग लक्षात आलं, त्यांचं सगळं हातांनी चाललंय. मूठ म्हणजे थांब. तळहात खाली म्हणजे साखळी सोड. बोट वर फिरवलं म्हणजे ओढ. हात डावीकडे म्हणजे नाक डावीकडे घे. बुवांनी त्यांच्या डिंगीतून (छोट्या होडीतून) येऊन आमची सोडवणूक शिकवली : अडकलेल्या साखळीखालून एक दोरी ओवायची, दोन्ही टोकं आपल्या बोटीला घट्ट करायची, म्हणजे त्या साखळीचं वजन दोरीवर येतं. मग आपला नांगर हातभर खाली सोडायचा, तो त्या साखळीतून निसटतो. बोट थोडी मागे घ्यायची, नांगर बाजूला झाला की दोरीचं एक टोक सोडून द्यायचं. पाच मिनिटांचं काम. आम्ही त्याआधी वीस मिनिटं नांगराला शिव्या दिल्या होत्या.

निघताना त्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला : तू पुढे का उभी असतेस?

मी म्हटलं, कारण स्किपर तो आहे.

त्या म्हणाल्या, नांगर वीस किलोचा आहे, दोरी फेकायला लांब हात लागतात, धक्क्यावर उडी मारायला गुडघे लागतात. सुकाणू एका बोटाने फिरतं.

मी दिवसभर गप्प होते. नवऱ्याला वाटलं मी रुसलेय.

शेवंता७२

हे वाचून मी पण गप्प झाले. आमच्याकडे गाडी रिव्हर्स लावताना मी खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करते. पंचवीस वर्षं.

अर्धवट_प्रवासी

@शेवंता७२, आणि ठोकली की चूक कोणाची?

शेवंता७२

@अर्धवट_प्रवासी, हे विचारायला पाहिजे का?

काळजीवाहू

मतलई, तुम्ही दोघंच होतात. एकाला काही झालं तर दुसऱ्याला बोट चालवता आली पाहिजे, हा सुरक्षेचा पहिला नियम नाही का? कुणी पाण्यात पडलं असतं तर?

मतलई

@काळजीवाहू, बरोबर बोललात. आम्ही सराव पहिल्या दिवशी करायला हवा होता, केला चौथ्या दिवशी. जाळीच्या पिशवीत दोन फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लावायचे फुगे) बांधून पाण्यात टाकले, त्याचं नाव "अहो" ठेवलं आणि मी एकटीने बोट वळवून ते उचलून आणले. पहिल्या वेळी अहोंवरून बोट गेली. तिसऱ्या वेळी जमलं. लाइफ जॅकेट आम्ही वारा वाढला की घालायचो. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबर (संकटाच्या हाकेचा चॅनल) सतत चालू, आणि मदतीची हाक कशी द्यायची ते कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवलं होतं.

आता फिस्कार्डो. किओनीहून इथाकाच्या उत्तर टोकाला वळसा घालून १० मैल. दुपारी गेलो असतो तर वारा थेट तोंडावर, म्हणून सकाळी इंजिनावर. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात केफलोनिया, इथाका, झाकिंथोस इथली गावंच्या गावं बसली. फिस्कार्डो मात्र बऱ्यापैकी वाचलं. म्हणून तिथे अजून ते व्हेनेशियन धाटणीचे पिवळे-गुलाबी दोनमजली वाडे दिसतात आणि केफलोनियातली बाकीची गावं नवी, काँक्रीटची वाटतात. आधी मला ते नुसतं "छान बंदर" वाटलं होतं. भूकंपाचं कळल्यावर त्याच रस्त्याने पुन्हा एकदा चालून आले.

सराव खाडीच्या तोंडाशी मोकळ्या पाण्यात. दोन तास मी बोट नुसती उलटी चालवली. दोन गोष्टी कळल्या. एक, बोट उलटी घेताना सुरुवातीला सुकाणू ऐकतच नाही. वेग यावा लागतो, मगच पाणी पात्यावरून वाहतं आणि बोट वळते. घाबरून हळू जाल तर जास्त फसाल. दोन, आमच्या बोटीचा पंखा रिव्हर्समध्ये बोटीची मागची बाजू डावीकडे ओढायचा. हे बोटीबोटीवर अवलंबून असतं, घेतल्या घेतल्या तपासायचं. एकदा कळलं की त्याच खोडीचा उपयोग करून घेता येतो. नवरा पुढे उभा राहून हात करत होता. जर्मन बुवांच्या खुणा आम्ही जशाच्या तशा उचलल्या, फक्त एक आमची भर : दोन्ही हात कमरेवर म्हणजे "तुला काय करायचं ते कर".

आणि एक नियम केला. बंदराच्या बाहेर दोनशे मीटरवर इंजिन न्यूट्रल करायचं, कुठे लागायचं, वारा कुठून, नांगर कुठे, नाही जमलं तर बाहेर कुठून पडायचं हे बोलून घ्यायचं. आत शिरल्यावर तोंड बंद.

सिवोताला मी लावली. एका फेरीत. धक्क्यावर कुणीच बघत नव्हतं, सगळे फुटबॉल बघत होते.

सुरंगी

हे फारच दुष्ट आहे नशिबाचं.

गोंयकार_भाटी

वाऽ! दोघांच्या बोटीवरून आठवलं. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती 'म्हादेई' बोट आमच्या गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. असं करणारे ते पहिले भारतीय. आणि आता २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दोन महिला अधिकारी 'तारिणी'वरून दोघींच प्रदक्षिणा करून आल्या, तीही इथेच बांधलेली. गोव्यातून निघून गोव्यात परत. आठ महिने दोघींनी एवढ्याशा जागेत! तुमचे सात दिवस वाचल्यावर त्याचं आणखी कौतुक वाटतंय.

मतलई

@गोंयकार_भाटी, आम्ही आठ महिने राहिलो असतो तर एकच परत आला असता.

काळजीवाहू

सप्टेंबर सुरक्षित असतो का पण? २०२० मध्ये याच भागात चक्रीवादळासारखं काहीतरी झालं होतं ना?

हवामानवेडा

हो, 'यानोस', सप्टेंबर २०२०, तारखा साधारण १७ ते १९. भूमध्यातल्या अशा वादळाला मेडिकेन म्हणतात. केफलोनिया, इथाका, झाकिंथोसला जबर फटका बसला, बंदरांतल्या बोटी बुडाल्या, काठावर फेकल्या गेल्या. उन्हाळाभर तापलेलं पाणी आणि वरून आलेली थंड हवा, हे जुळलं की शक्यता असते. वारंवार होत नाही. पण शरदात जाताना दोन-तीन दिवसांचा अंदाज रोज बघायचा आणि वाईट दिसलं तर बंदरातच थांबायचं, परतीच्या तारखेसाठी समुद्राशी वाद घालायचा नाही. आयोनियनमध्ये जून मला जास्त आवडतो.

मिताहारी

शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? आणि बोट लागते का हो?

मतलई

शाकाहाऱ्यांची चंगळ आहे. फावा म्हणजे जवळजवळ आपलं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. गिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालांची टोमॅटोतली उसळ. भरलेली ढबू मिरची, वांगी, पालकाची पाय (पारीत भरून भाजलेली). उपासाच्या दिवसांत तेलातल्या भाज्या खायची त्यांची जुनी पद्धत आहे, त्यामुळे मांसाशिवाय जेवण म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. एक वैताग म्हणजे गांधीलमाश्या. ताटात काहीही आलं की हजर. खानावळवाले वाटीत कॉफीची पूड पेटवून टेबलावर ठेवतात, तिच्या धुराने त्या लांब राहतात. वास मात्र जळक्या कॉफीचाच येतो, आणि तुम्ही खाताय वांगं.

बोट मला एकदाच लागली, खाली केबिनमध्ये वाकून कांदा चिरताना. वर आले, क्षितिजाकडे बघत बसले, आल्याची वडी चघळली, अर्ध्या तासात ठीक. चिरायचं ते बंदरातच चिरून घ्या.

आणि कुणी विचारलं नाहीये पण सांगतेच. बोटीवरचा संडास हातपंपाचा असतो आणि त्यात आपण खाल्लेल्याशिवाय दुसरं काही टाकायचं नाही. कागद शेजारच्या डब्यात. तुंबला तर उघडायचा कुणी यावरून जे भांडण होईल त्यापुढे नांगराचं काहीच नाही.

बोटीवरचा_नवरा

नमस्कार. हा धागा वाचायला नवीन आयडी काढावा लागला. दोन दुरुस्त्या. (१) किओनीला मी "सोडू नको" असं स्पष्ट म्हणालो होतो. (२) संडास तुंबला होता, व्लिहोला, आणि तो मी उघडला. हे लेखात कुठेच आलेलं नाही.

पुणेरी_शंका

आता धाग्याला खरी रंगत आली.

मतलई

@बोटीवरचा_नवरा, (१) "स्पष्ट" वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला होतं. (२) मान्य. वाचकहो, संडास त्याने उघडला. मी तेव्हा किनाऱ्यावर पाव आणायला गेले होते. पाव मिळायला दोन तास लागले.

अर्धवट_प्रवासी

मे महिन्यात बायकोबरोबर जायचं ठरवतोय, फ्लोटिलाने. भारतीय पासपोर्टवर व्हिसासाठी राहण्याचा पत्ता काय द्यायचा? बोटीला पत्ता कुठे असतो?

मतलई

आम्ही बोटीचा करारनामा जोडला, त्यात मरीनाचं नाव-पत्ता असतो. शिवाय आधीच्या आणि नंतरच्या रात्रीचं हॉटेल, आणि एका पानावर कुठल्या दिवशी कुठलं बेट. चालून गेलं. तुमच्या वेळी काय मागतात ते वकिलातीच्या यादीत बघाच. मे मध्ये पाणी अजून गार असेल, दोरी घेऊन पोहायचं काम बायकोवर ढकलू नका. आणि जायच्या आधी दोघांनीही एखादा शनिवार-रविवार कुठेतरी शिडाच्या बोटीवर काढा. एकाने शिकायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, हे डांबरी रस्त्यावर चालतं.

तांडेल_वेसावे

ताई, तुमच्या त्या जर्मन बाईचं बरोबर हाय. आमच्यात बी सुकानूवर तांडेल आनि नाळेवर तरणा गडी, कारण जोर तिथं लागतो. पन तांडेल कवा ओरडत नाय. ज्याचा तांडेल ओरडतो त्याच्या बोटीवर गडी टिकत नाय. पुढच्या वर्षी कुठं?

मतलई

@तांडेल_वेसावे, पुढच्या जूनमध्ये पुन्हा आयोनियन, या वेळी उत्तरेला, पाक्सोस आणि कॉर्फू. मार्चमध्ये मी डे स्किपरच्या पाच दिवसांना नाव घातलंय. पास झाले तर स्किपर म्हणून कागदावर माझं नाव जाईल. नवरा विचारतोय, क्रू-लिस्टवर त्याच्या नावापुढे काय लिहिणार.

तांडेल_वेसावे

खलाशी लिवा. पगार ठरवून घ्या म्हनावं आधी.